पास साहेबांचा, फास चालकाला



ऊसबिलाचे पैसे हाती आले की कुणाच्या ना कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहते. आनंदाची गोष्ट आहे. घामाच्या पैशाची गाडी, ती मिरवावी. पण अलीकडे गाडीला हार घालायच्या आधी तिच्या काचेवर काय चिकटवायचे याचा शोध सुरू होतो, हे मात्र बरे नव्हे. कुणी मेहुण्याच्या खात्याची पाटी आणतो. कुणी लाल अक्षरांत ‘महाराष्ट्र शासन’ लिहून घेतो. कुणी सेवानिवृत्त चुलत्याचा मुदत संपलेला पास लावतो, तर कुणाच्या काचेवर एका दिवसाच्या कामासाठी मिळालेला प्रवेशपास वर्षभर ऊन खात बसलेला असतो. हेतू एकच. गाडी कुठेही उभी करता यावी आणि कुणी हटकू नये.

विचारले तर उत्तर ठरलेले असते. “अहो, त्यात काय एवढं? कुणाचं काय नुकसान होतंय?”

नुकसान होते, आणि ते दोघांचे होते. एक तो, ज्याच्यासाठी ती जागा राखून ठेवलेली असते. दुसरा तो, जो त्या वेळी स्टिअरिंगवर बसलेला असतो. गाडीचा मालक पुष्कळदा या दोघांतला नसतो. म्हणून हा लेख आपल्यापैकी ज्यांच्या घरी चालक आहे, ज्यांचा मुलगा किंवा पुतण्या दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहे, आणि जे स्वतःच ट्रक-ट्रॅक्टरवर पोट भरतात, त्या सर्वांसाठी आहे.

पास म्हणजे चिठ्ठी, मानपत्र नव्हे

पास म्हणजे काय हे ऊस उत्पादकाला वेगळे शिकवायला नको. आपल्याला तोडणीची चिठ्ठी माहीत आहे. त्या चिठ्ठीवर नाव असते, गट नंबर असतो, लागणीची तारीख असते, उसाची जात असते. ती चिठ्ठी त्या फडातल्या त्या उसासाठी असते. नोंद एकाची आणि ऊस दुसऱ्याचा, असा प्रकार कुणी केला तर सगळ्या गावात बोभाटा होतो. का होतो? कारण ज्याची पाळी होती त्याचा ऊस फडात वाळत बसतो, वजन घटते आणि मधल्यामध्ये तिसराच गाडी काट्यावर आणतो. चिठ्ठी खरी असते, सहीशिक्का खरा असतो, पण वापर खोटा असतो.

वाहन उभे करण्याचा सरकारी पास हीसुद्धा एक चिठ्ठीच आहे. तो कुणाला दिला, कोणत्या गाडीसाठी दिला, कोणत्या जागेसाठी दिला आणि कोणत्या तारखेपर्यंत दिला, या चार गोष्टींत त्याचा सगळा जीव असतो. चारांतली एक जरी चुकली तरी उरतो तो नुसता कागद. अधिकाऱ्याला कामाच्या वेळी कचेरीच्या आवारात गाडी लावता यावी म्हणून दिलेला पास त्याच्या बायकोच्या भावाने बाजारात भाजी घेताना वापरला, तर त्या पासाचे बळ तिथे शून्य असते.

आपल्याकडे गल्लत होते ती इथेच. पास हा कामासाठी दिलेला असतो. आपण त्याला मान समजतो. आणि मान म्हटला की तो घरातल्या सगळ्यांना हवा असतो.

जागा कुणाची, बसले कोण?

इंग्लंडमधला एक पास या बाबतीत समजून घेण्यासारखा आहे. तिथे आल्फ मॉरिस नावाच्या खासदाराच्या पुढाकाराने १९७० साली दीर्घ आजारी व अपंग व्यक्तींसाठी एक कायदा झाला. त्या कायद्याच्या आधारे ज्यांना चालणे कठीण आहे अशांच्या गाडीसाठी एक ओळखपत्र सुरू झाले. आधी ते नारिंगी रंगाचे होते, २००० सालापासून निळे झाले. हे ओळखपत्र गाडीत दर्शनी ठेवले म्हणजे दवाखाना, दुकान, कचेरी यांच्या जवळ राखून ठेवलेल्या जागेत गाडी उभी करता येते.

आता यातली मेख पाहा. हे ओळखपत्र गाडीला दिलेले नसते, माणसाला दिलेले असते. त्यावर धारकाचा फोटो असतो. तो माणूस स्वतः गाडी चालवत असो की मागे बसलेला असो, तो त्या फेरीत असला पाहिजे. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात सोडण्यासाठी मुलाने ते वापरले तर चालते. आई घरी झोपलेली आणि मुलगा तिच्या ओळखपत्रावर बाजार करतोय, हे चालत नाही. तो गुन्हा ठरतो आणि १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणजे आपले लाखाच्या वर रुपये. हा गुन्हा गाडी लावणाऱ्यावर, म्हणजे चालकावर येतो. शिवाय ज्या आईच्या नावे ते ओळखपत्र होते, तिची सवलतही धोक्यात येते. २०१३ साली तिथे आणखी एक कायदा होऊन, गैरवापर होत असलेले ओळखपत्र जागेवरच काढून घेण्याचे अधिकार तपासनिसांना मिळाले.

मुलगा म्हणेल, “आईचाच तर पास आहे, चोरून थोडाच आणलाय!” पण ती जागा त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी आईला हवी होती. ती लांबून काठी टेकत आली, एवढेच आपल्याला दिसले नाही.

अमेरिकेत १९९९ साली याहून लाजिरवाणा प्रकार उघडकीला आला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील १४ आजी-माजी खेळाडूंवर अपंगांसाठीचे पार्किंगचे पास खोटेपणाने मिळवल्याचे आरोप ठेवले गेले. धावण्याच्या जोरावर नाव कमावलेली ही धडधाकट पोरे, आणि कागदोपत्री त्यांना चालता येत नव्हते! वर्गाजवळ गाडी लावायला मिळावी, एवढ्यासाठी हे केले. प्रकरण कोर्टात गेले, शिक्षा म्हणून दंड आणि समाजसेवेचे तास वाट्याला आले. शिक्षा सोसून झाली, पण वर्तमानपत्रात छापून आलेले नाव काही पुसता येत नाही.

खोट्या स्टिकरची किंमत

“पण आमच्या गाडीनं कुणाचा जीव जातोय का?” असाही एक प्रश्न येतो. त्याला उत्तर म्हणून दिल्लीतला एक दिवस आठवावा लागेल.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसद भवनाच्या आवारात एक पांढरी अँबॅसडर शिरली. तिच्यावर लाल दिवा होता आणि काचेवर गृहमंत्रालयाचे स्टिकर होते. ते स्टिकर बनावट होते आणि गाडीत पाच सशस्त्र अतिरेकी होते. पुढे काय झाले ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. सुरक्षा कर्मचारी आणि बागेत काम करणारा एक माळी असे नऊ जण प्राणाला मुकले. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कमलेश कुमारी यांनी त्या दिवशी प्राण वेचले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले.

पाटी लावून बाजारात गाडी उभी करणारा आपला माणूस आणि ते अतिरेकी यांची बरोबरी करण्याचा इथे मुळीच हेतू नाही. मुद्दा वेगळा आहे. दारावरच्या पहारेकऱ्याच्या हाती ओळखण्याचे साधन म्हणून तो कागदच असतो. गावोगाव, चौकाचौकांत शेकडो खोट्या पाट्या फिरू लागल्या की पहारेकऱ्याची नजर मरते. खऱ्याला अडवले तर साहेब रागावणार आणि खोट्याला अडवले तर पुढारी रागावणार, मग तो कुणालाच अडवत नाही. ही सवय आपण लावलेली असते. तिचा फायदा कोण घेईल, हे मात्र आपल्या हातात राहत नाही.

दिवा गेला, पाटी राहिली

लाल दिव्याची कथा तर ताजीच आहे. एके काळी लाल दिव्याची गाडी म्हणजे मोठेपणाची खूण झाली होती. ज्याला दिवा होता तो लावी, आणि ज्याला नव्हता तोही लावी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये या प्रकाराला लगाम घातला आणि मोजक्या घटनात्मक पदांखेरीज कुणी लाल दिवा लावू नये असे सांगितले. पुढे एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ मे २०१७ पासून राष्ट्रपतींपासून खालपर्यंत सर्वांच्याच गाड्यांवरचा लाल दिवा गेला. रुग्णवाहिका, अग्निशामक, पोलीस अशा तातडीच्या वाहनांनाच दिव्याची मुभा राहिली.

राष्ट्रपतींच्या गाडीवर दिवा नाही, पण आपल्याकडे पाहुण्याच्या पाहुण्याच्या गाडीवर पाटी आहे! दिवा टपावरून उतरला आणि कागद होऊन काचेवर चिकटला, एवढाच काय तो फरक.

कायदा काय म्हणतो?

कायद्याची कलमे वाचायला कंटाळवाणी असतात. पण चालकाने एवढी तरी कानावरून घालून घ्यावीत.

साधे नो-पार्किंग असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी उचलून नेली तर तो खर्च निराळा. इथवर प्रकरण पैशांत मिटते. काचेवर खोटी पाटी किंवा दुसऱ्याचा पास असला की तेच प्रकरण दंडाच्या पावतीवर थांबत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २०५ प्रमाणे, आपण सरकारी नोकर आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने सरकारी नोकराचा वेश करणे किंवा त्यांची खूण बाळगणे हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात हाच दंड २०० रुपये होता. एखादी पाटी अशी खूण ठरते की नाही हे प्रसंग पाहून न्यायालय ठरवील. पण ते ठरेपर्यंत ठाण्याच्या आणि कोर्टाच्या फेऱ्या चुकत नाहीत. त्याही पुढे जाऊन “मी अमुक खात्याचा साहेब आहे” असे सांगून त्या तोऱ्यात काही करायला गेले, तर कलम २०४ लागू शकते. तिथे कैद कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे आहे, शिवाय दंड.

पास झेरॉक्स करून, तारीख खोडून किंवा रंगीत छापून घेतला असेल, तर तो बनावट दस्तऐवज होतो. बनावट आहे हे ठाऊक असून तो खरा म्हणून वापरणाऱ्याला, कलम ३४० प्रमाणे, तो बनवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. तेव्हा “मी छापला नाही, मी फक्त लावला” ही सबब टिकत नाही.

काचेवर किंवा बॉनेटवर अशोकस्तंभाचे चिन्ह लावण्याची हौस पुष्कळांना असते. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ सालचा स्वतंत्र कायदा आहे. मोजक्या उच्चपदस्थांखेरीज कुणालाही वाहनावर ते चिन्ह लावता येत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आणि दिव्यांगांसाठी असलेला लाभ खोटेपणाने घेतला किंवा घेण्याचा प्रयत्न केला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ९१ आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सापडतो तो चालकच

आता मूळ मुद्द्यावर येऊ. पास साहेबांचा असतो, गाडी मालकाची असते, सांगणारा मागच्या सीटवर असतो. मग सापडतो कोण?

चित्र डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावी कचेरीसमोर गाडी थांबते. मालक उतरता उतरता सांगतात, “लाव इथंच, पाटी दिसू दे पुढं. कोण विचारतंय?” मालक आत निघून जातात, चहा-पाण्यात रमतात. इकडे पोलीस येतो. तो मालकाला शोधायला जात नाही. काचेवर टकटक करतो आणि म्हणतो, “लायसन काढ.” ज्याचे लायसन, त्याचे नाव कागदावर. गाडी रिकामी असली आणि नंबरावरून नोटीस घरी आली, तरी त्या वेळी गाडी कोण चालवत होते ते नाव-पत्त्यासह सांगणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे फिरून फिरून नाव चालकाचेच.

“मालकानं सांगितलं म्हणून केलं” हा बचाव कोर्टात पुरत नाही. करायला लावणाराही कायद्याने मोकळा नाही हे खरे. पण त्याने सांगितले याचा पुरावा द्यावा लागतो. चालकाविरुद्धचा पुरावा काचेवरच चिकटलेला असतो.

याहून मोठी गोष्ट अशी, की मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, दखलपात्र गुन्ह्यात वाहन वापरले गेले असेल तर चालकाचे म्हणणे ऐकून घेऊन त्याचे लायसन काही काळ बंद ठेवण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला आहे. वर सांगितलेली सरकारी नोकराच्या तोतयेगिरीची कलमे दखलपात्र आहेत. मालकाचे लायसन गेले तर ते दुसरा चालक ठेवतील. चालकाचे लायसन गेले तर त्याने काय करावे? हंगाम चार-पाच महिन्यांचा. त्यात दोन महिने स्टिअरिंग सुटले तर मुकादमाची उचल, गाडीचा हप्ता, पोरांची फी, सगळेच थकते. पुढे एसटीत, एखाद्या कंपनीत किंवा शाळेच्या बसवर नोकरी मागायला गेले की पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागतात. तिथे जुने प्रकरण उभे राहते.

शेतकऱ्याची जमीन सातबाऱ्यावर असते. चालकाची सगळी जमीन त्या लायसनच्या कार्डावर असते. पाच मिनिटे चालायला नको म्हणून ती गहाण टाकावी काय, याचा विचार मालकांनी आणि चालकांनीही करावा.

मग करावे काय?

सभासदांनी आधी आपापल्या गाडीची काच पाहावी. ज्या पासावर आपले नाव नाही, आपल्या गाडीचा नंबर नाही किंवा ज्याची तारीख उलटली आहे, तो आजच काढावा. ओल्या फडक्याने पाच मिनिटांचे काम आहे. नंबरप्लेटवर नंबराखेरीज पद, पक्ष, जात असे काहीही नसावे. नियमात नंबरच बसतो, बाकी काही बसत नाही.

आपल्या नावाचा खरा पास असेल तर तो काम झाल्यावर काढून ठेवावा. पाहुणा मागायला आला तर स्पष्ट “नाही” म्हणावे. वाईट वाटेल, दोन दिवस अबोला धरील, पण आपण त्याला वाचवलेले असते. बदली झाली, मुदत संपली, निवृत्ती आली की पास ज्या कचेरीतून आणला तिथे परत करावा. घरात दिव्यांग किंवा म्हातारे माणूस असेल तर त्याच्यासाठी असलेली सवलत हक्काने घ्यावी. त्यात लाज नाही. मात्र ते माणूस गाडीत असेल तेव्हाच घ्यावी.

हाच नियम आपल्या दारातही लागू आहे. ऊस वाहतुकीसाठी वाहनाला जो क्रमांक किंवा पास दिला जातो, तो ऊस वाहण्यासाठी आहे. तो लावून लग्नाचे वऱ्हाड नेऊ नये, की दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चढवू नये. केनयार्डात बैलगाडीवाला तासन् तास रांगेत उभा असताना संचालकांच्या ओळखीची जीप काट्याजवळ आडवी लागलेली असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्याने ती हलवायला सांगावी आणि जीपवाल्याने ती मुकाट्याने हलवावी.

चालक बंधूंना एकच सांगणे आहे. मालकाशी वाद घालू नका, पण गाडी सुरू करण्याआधी काच बघा. पाटी कुणाची आहे, ते विचारा. “दादा, ही पाटी काढू द्या. धरलं तर माझं लायसन जाईल,” एवढे म्हणायला हरकत नाही. समजूतदार मालक ऐकतो. न ऐकणारा मालक कोर्टाच्या तारखेलाही बरोबर येणार नाही, हे त्याच वेळी ओळखावे. आणि जागा नाही म्हणून गाडी लांब लावावी लागली तर लावावी. मालक चार पावले चालले तर पायाला बरेच आहे.

शेवटी सहकाराची एक गोष्ट. एका शेअरचा सभासद असो की शंभर शेअरचा, आपल्या सभेत मत एकच. सहकारी कायद्याने ही रीत घालून दिली आणि तिच्यावर आपला कारखाना उभा आहे. काट्यावर वजन उसाचे होते, माणसाचे होत नाही. तीच रीत रस्त्यावर पाळली तर काचेवर काही चिकटवण्याची गरज राहणार नाही. येत्या आठवड्यात आपल्या दारातल्या गाडीच्या काचा पुसून घ्याव्यात, आणि शेजाऱ्यालाही सांगावे, ही विनंती.